दारापुढचा गतिरोधक

परळी-अंबाजोगाई रस्त्याला लागूनच आमचं घर. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. मी मशीनवर, बायको शेजारी काज-बटणं करत बसायची. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचे टिप्पर दारावरून सुसाट जायचे आणि मागे धुरळ्याचा लोट उठायचा. गिऱ्हाईकाला सदरा झटकून द्यावा लागे. बायकोला मात्र दम्याचा पंप ओढावा लागे.

अर्ज देऊन देऊन माझ्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे 'वेगमर्यादा ४०' अशी पाटी लागली. त्या दिवशी मी सगळ्या गल्लीला चहा पाजला, इतका मी भोळा! पाटी वाचायला टिप्परवाल्यांना सवड कुठली? महिनाभरात तिच्यावरही राख चढली.

मग आमच्याकडे सगळेच करतात तेच मी केलं. कुणाला न विचारता, गल्लीतले चौघं जमवून खडी-सिमेंटचा वीतभर उंच गतिरोधक घातला. जागा मीच दाखवली, बरोबर माझ्या दारापुढची.

पहिलाच टिप्पर आला, करकचून ब्रेक लागला, मागची चाकं आदळली आणि फाटक्या ताडपत्रीखालून घमेलंभर राख दारात सांडली. मग काळा धूर ओकत तो पुन्हा पळाला. दिवसभर तेच. एका चालकानं काच खाली केली.

"मामा, हे कावून केलं? गाडी एका चालीनं हळू गेली तर राख जाग्यावर ऱ्हाती. आदळली की सांडणारच."

"मग चालवा ना हळू!"

"मी चालवीन हो. मागचा ठोकील की!"

त्या आठवड्यात बायकोला दोनदा अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "यांना तिथून हलवा." घरी येऊन भर उन्हात मी पहारीनं तो गतिरोधक फोडला. फोडताना रडत होतो. तिचा श्वास मी माझ्या हातांनी कोंडला होता. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी, चकलांब्याला सोडून आलो. दुकान हलवता येत नव्हतं, म्हणून मी इथंच राहिलो.

परवा तिचा फोन आला. आवाज मोकळा होता, कित्येक वर्षांनी.

"हितं पंपाला हात बी लावला न्हाई. काज-बटणं कोण करतंय?"

"पडलीत तशीच."

"गाड्या हळू झाल्या का? येऊ का मी?"

मला ती हवी होती. तिच्यावाचून हे घर मला खायला उठतं. 'ये' अगदी ओठावर आलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो, "तू तिथंच ऱ्हा."