मनीला सांगा, कोरा चहा चालेल

कराडमध्ये जनावरांचा दवाखाना चालवते म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, कुत्री चावत नाहीत का? चावतात. त्याचं काही वाटत नाही, इंजेक्शन घेतलं की विषय संपला. खरा ताप पेशंटबरोबर आलेल्या माणसांचा. पेशंटला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचंही तीच बोलतात. संध्याकाळी शटर ओढेपर्यंत डोक्यात एवढं साठतं की घरी कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही. त्यात मांजर आणि पिसवांचं औषध हे दोन शब्द एका वाक्यात आले, की मी आधी खुर्चीत नीट टेकून बसते.

*

वाईच्या एक बाई आहेत, शाळेत शिकवतात. त्यांच्या बहिणीचा कुत्रा माझा पेशंट, त्या ओळखीवर त्यांनी एकदा फोन केला. मांजर पिसाळलंय म्हणाल्या. तोंडाला फेस आलाय, लाळ गळतेय, आता काय करू?

मी विचारलं, काही औषध लावलं होतं का? पिसवांचं लावलं होतं. कुठे? शेपटीजवळ. म्हणजे बरोबर जीभ पोचते तिथे! मांजराने चाटलं, कडूजहर लागलं, फेस आला. मी म्हटलं, घाबरू नका, आत जाऊन ते औषध पुसून काढा, पाणी द्या, त्याच्या आवडीचं काहीतरी खायला घाला आणि मला पुन्हा फोन करा.

 तेव्हा कळलं की घरात कुणी नव्हतंच. बाई, त्यांचे मिस्टर आणि सासरे तिघंही रस्त्यावर उभे. सासरे तर पूजेवरून तसेच सोवळ्यात बाहेर आलेले. घरात एकटं मांजर, खिडकीत बसून यांच्याकडे बघत होतं.

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "थांबा, आमच्या ह्यांना पाठवते. त्यांची पॉलिसी आहे."

*

सांगलीकडचे एक अण्णा येतात. हळदीचे व्यापारी, जैन, वाटेत मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारे. त्यांच्या मांजरीच्या मानेवर औषधाने लाल चट्टा उठला. मी म्हटलं, हिला हे सोसत नाही, आता काही दिवस नुसता बारीक कंगवा फिरवायचा. अण्णांचा चेहरा एकदम खुलला. त्या औषधाने पिसवा मरतात हे त्यांच्या मनाला लागूनच राहिलं होतं.

माझा कंपाउंडर शंकर कंगवा घेऊन बसला आणि सवयीने पिसवा बुडवायची साबणाच्या पाण्याची वाटी पुढे ओढली. अण्णांनी ती लगेच बाजूला सारली. मग सगळ्या पिसवा एका काचेच्या बरणीत गोळा झाल्या. अण्णा स्वतः बरणी घेऊन दवाखान्यामागच्या रिकाम्या प्लॉटवर गेले आणि हलक्या हाताने झाकण उघडून परत आले.

मी विचारलं, आता त्या कुठे जातील? म्हणाले, "जिकडं त्यांचं नशीब. आमच्या गाडीत नकोत, एवढंच."

तो सगळा आठवडा शंकर पोटऱ्या खाजवत होता.

*

आता शंकरबद्दल सांगायलाच हवं. माजलेला बैल हा माणूस एकटा धरतो, पण मांजर आलं की आधी मोटारसायकलचं हेल्मेट घालतो. काच खाली ओढून. मांजर घेऊन पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंनी त्याला दारातच सांगितलं होतं, पार्सल शेजारी देऊन जा, आत पेशंट बघणं चाललंय.

*

त्याच शंकरच्या गावचे सुभेदार. फौजेतून निवृत्त, मिशा अजून ड्युटीवर. एका सकाळी ते आणि काकू रिक्षातून उतरले. काकूंनी चांगली शाल गुंडाळून मांजर छातीशी धरलेलं. मांजराचं अंग थडथडत होतं, कान फडफडत होते, लाळ गळत होती.

सुभेदारांनी ताठ उभं राहून रिपोर्ट दिला. मनीला पिसवा झाल्या हुत्या. गोठ्यात म्हशीच्या टायमाची गोचिडाची बाटली पडली हुती. म्हस केवढी, मांजार केवढं, त्या मानानं अगदी थोडंच चोळलं.

मी कपाळाला हात लावला. म्हशीचं औषध मांजराला थेंबभरसुद्धा सोसत नाही, इथे मापाचा प्रश्नच नसतो. शंकरने हेल्मेट चढवलं, आम्ही कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेतला आणि मनीला धुवायला लागलो. तेवढ्यात काकू तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मने, यास्नी सांग, तुला काय झालं तर मी ह्या घरात ऱ्हानार न्हाई."

सुभेदार मनीकडे बघून म्हणाले, "मने, तिला सांग, मी मुद्दाम केलं न्हाई."

मला वाटलं, धक्क्याने दोघांचंही डोकं फिरलं. शंकर हेल्मेटच्या आतून कुजबुजला, न्हाई मॅडम, ह्यांचं आसंच असतंय.

*

मनीला झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवलं. मग शंकरने सगळं सांगितलं. काकूंची एक म्हैस होती, डावं शिंग खाली वळलेली. पारडू असल्यापासून वाढवलेली. काकू माहेरी गेल्या असताना सुभेदारांनी त्यांना न विचारता ती विकली. तेव्हापासून, म्हणजे कैक वर्षं, नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत. मनीशी बोलतात. जेवायला बसा, लाइट गेली, पावण्यांच्या घरी लगीन हाय, सगळं मनीमार्फत.

मी ऐकून हसले. पण बाहेर आले तर सुभेदार पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे होते आणि मिशा थरथरत होत्या. मला हळूच म्हणाले, "मॅडम, मनी गेली तर आमच्यात बोलनारं कोन ऱ्हात न्हाई वो."

माझं हसणं जागच्या जागी विरलं. मनी वाचलीच पाहिजे, असं मला एखाद्या पेशंटबद्दल क्वचितच इतकं वाटलं असेल.

*

मनीला माझ्याकडेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांचा फोन आला. मी सांगितलं, थरथर कमी आहे, अजून खात नाही. ते म्हणाले, जरा फोन तिच्या कानाला लावा. आजारी लेकराला बापाचा आवाज ऐकवावा, म्हणून मी लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं.

"मने, तिला सांग, दूधवाला आला न्हाई. कोरा चहा चालंल."

फोन ठेवला आणि पाठोपाठ काकूंचा आला. त्याच घरातून! मनी बरी आहे का, हे रडवेल्या आवाजात विचारून झालं आणि मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "मनीकडं काय निरोप आलाय का वो?"

बाहेर तीन कुत्री आणि एक शेळी ताटकळत होती. मी म्हटलं, कोरा चहा चालेल.

दुपारपर्यंत गोठ्याची किल्ली, टीव्हीचा रिमोट आणि सुभेदारांची बीपीची गोळी एवढे निरोप माझ्या दवाखान्यातून गेले. शेवटी मी वैतागून सुभेदारांना म्हटलं, अहो, काकू तुमच्या शेजारच्या खोलीत आहेत ना?

"व्हय," सुभेदार म्हणाले. "पन मॅडम, प्रोटोकॉल हाय."

*

मनी वाचली. पहिल्यांदा तिने मटणाचा तुकडा खाल्ला तेव्हा शंकरने हेल्मेट काढून डोळे पुसले. घरी सोडताना मी दोघांनाही समोर बसवलं आणि डॉक्टरी आवाज काढून सांगितलं, हिच्या मेंदूला ताण नको, मी सांगेपर्यंत हिच्याकडे कुणीही कसलाही निरोप द्यायचा नाही. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण दोघांनी माना डोलावल्या, आणि जाताना रिक्षात कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढे बरेच दिवस काहीच कळलं नाही. शंकर गावाकडून यायचा आणि विचारलं की नुसती मान हलवायचा.

मग एका सकाळी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. मागे म्हैस उभी, डावं शिंग खाली वळलेली. पुढे केबिनमध्ये काकू, मांडीवर मनी. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा मात्र सणाचा. सुभेदार उतरून आत आले आणि म्हणाले, म्हस परत इकत आनली, पन हिला तिकडं लय गोचिडं झालीत, औषध द्या. मी म्हटलं, आणलीच आहे तर शंकर इथेच लावेल. मी नवी बाटली घेऊन बाहेर आले. शंकरने टेम्पोत चढून औषध मोजून म्हशीच्या पाठीवर लावलं. बाटलीत निम्मं उरलं. सुभेदारांनी झाकण घट्ट लावलं आणि सवयीने बाटली खिशात घातली.

काकूंनी ते पाहिलं. मनीच्या कानाशी वाकल्या, तोंड उघडलं आणि एकदम थांबल्या. माझ्याकडे बघितलं.  मग त्यांनी मान वर केली आणि मनीच्या डोक्यावरून थेट समोर बघत म्हणाल्या, "आवं, उरलेली बाटली हितंच ठिऊन या."

सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. आत जाऊन त्यांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली.  मग माझ्याजवळ येऊन अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं,

"मॅडम, ही मला म्हनली का मनीला?"