कल्याणकर आळशी कसे ठरले

मानपाड्याच्या शाळेचे विठोबा मास्तर यांच्यावर अन्याय झाला, तो माघातल्या पहिल्या सोमवारी, ठाण्यात, भर क्लासात, सगळ्या मास्तरमंडळींच्या देखत. प्रोफेसरसाहेबांनी रजिस्टर उघडले, टाक लाल शाईत बुडवला आणि कल्याणकडच्या मास्तरांतली पहिली आडवी रेघ त्यांच्या नावावर मारली. कारण वाचून दाखवले: "शंकावेळेस कायम गैरहजर."

"मी कायम हजर होतो," विठोबा मास्तर उभे राहून म्हणाले. "गैरहजर तुमचा असिस्टंट होता."

तो असिस्टंट मी, सदा.

आता हे प्रकरण काय, ते नीट सांगतो. खानेसुमारी जवळ आली होती. खानेसुमारी म्हणजे सरकार घरोघर जाऊन माणसे मोजते ते काम. मोजायचे गावोगावच्या शाळामास्तरांनी. पण मोजून झाल्यावर त्या आकड्यांचे करायचे काय, हे मास्तरांना कळावे म्हणून ठाण्यात आकडेशास्त्राचा क्लास निघाला. शिकवायला मुंबईच्या एका कॉलेजातून पेन्शनीत गेलेले प्रोफेसर. शिवाय वरून हुकूम असा की, जो मास्तर पास होणार नाही त्याची शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकावी. मानपाड्याची शाळा म्हणजे एक पडवी आणि विठोबा मास्तर. मास्तरांचे नाव गेले की शाळा गेली. पोरांनी शेताडीतून कल्याण गाठायचे, म्हणजे घरीच बसायचे. साहेबांच्या त्या लाल रेघेचा अर्थ एवढा होता.

असिस्टंट ही चीज तेव्हा आमच्याकडे नवी. पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी आम्हा दोघांना वर्गापुढे उभे केले. "हे माझे असिस्टंट. शिकवीन मी. न समजले तर मला विचारायचे नाही, यांना विचारायचे."

मागून कोणीतरी म्हणाले, "असिस्टंट म्हणजे पट्टेवालेच का, साहेब?"

"पट्टेवाल्याला पट्टा तरी असतो," माझ्या शेजारचा पास्कू पुटपुटला.

पास्कू बाळकुमचा. घरची भातशेती, बापजाद्यांपासून किरिस्ताव, मिशनच्या शाळेत शिकलेला, हिशेबाला तल्लख आणि तोंडाला त्याहून. त्याने ठाण्यात शाळेच्या ओट्यावर बसायचे ठरले. कल्याणकडच्या मास्तरांसाठी मी कल्याणात, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. आठवड्यातून तीन सकाळी, नऊ वाजता, अर्धा तास. याला नाव दिले शंकावेळ. ज्याला शंका असेल त्याने यावे, विचारावे, हजेरी लावावी. हजेरी नाही तर परीक्षा नाही.

मी पहिल्या सकाळी खडू, पाटी आणि सरासरीची तीन उदाहरणे घेऊन बसलो. कोणी आले नाही. दुसऱ्या खेपेसही नाही. अर्धा तास संपला की मला लागलीच ठाण्याची गाडी धरावी लागे, कारण दुपारच्या क्लासाच्या पाट्या मांडायच्या त्या मीच.

स्टेशनमास्तर रोज दारातून डोकावत. "काय पंत, आज तरी कोणाला शंका आली का?"

"नाही."

"कल्याणच्या माणसाला शंका आली तर तो मागल्या बाजूला जातो हो. इथे कशाला येईल?"

मी हसलो नाही. मला संताप येत होता. सरकारने फुकट विद्या दारात आणून ठेवावी आणि या लोकांनी अंथरुणातून उठू नये? त्या रागात मी एका हस्तपत्रकाचा मजकूरही लिहून काढला. मथळा: "कल्याणकरहो, जागे व्हा." छापखान्यात गर्दी होती म्हणून तो छापला गेला नाही, आणि कल्याणात माझे हातपाय शाबूत राहिले.

इकडे ठाण्यात पास्कूच्या ओट्यावर जत्रा. बसायला जागा पुरेना. प्रोफेसरसाहेबांनी दोन्हीकडच्या हजेऱ्यांचे एक टेबल केले. टेबल म्हणजे आकड्यांचा तक्ता, उभ्या आडव्या रेघांचा. ते भिंतीवर लावले आणि छडीने दाखवत म्हणाले, "हे आकडेशास्त्र. ठाणेकर जिज्ञासू, कल्याणकर सुस्त. कारण उघड आहे. ठाण्याला खाडीचा वारा मिळतो. कल्याण आत पडले, हवा जड, बुद्धी जड."

"साहेब, खाडी कल्याणालाही आहे," मी म्हणालो.

"ती चिंचोळी आहे," साहेब म्हणाले.

ज्या सोमवारी विठोबा मास्तरांचे नाव खोडले, त्याच सोमवारी साहेबांनी पास्कूचा सत्कार केला. वक्तशीरपणाबद्दल आपले स्वतःचे जुने खिशातले घड्याळ साखळीसकट त्याला दिले. पास्कूने मान झुकवून घेतले. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मना घड्याल कशाला रे? मी आपला शेतावर एक फेरी मारतो, चर्चची घंटा झाली का चालाय लागतो."

विठोबा मास्तर ओट्यावर उभेच होते. मी तावातावाने गेलो. "मास्तर, मी रोज नऊला तिथे बसतो."

"मी रोज नऊला तिथे येतो."

"मग मी दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसता ना. गाडीच्या खिडकीतून ठाण्याला जाताना दिसता. आम्ही हात करतो. तुम्ही बघत नाही."

साहेब आतून म्हणाले, "दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. टेबल खोटे बोलत नाही."

मला झोप आली नाही. 'खोटे' हा शब्द माझ्यासाठीही होता. पुढच्या शंकावेळेला मी ठरवले, आज गाडी सोडायची आणि या मास्तराला पकडायचा. नऊ झाले. साडेनऊ झाले. ठाण्याची गाडी गेली. मी बसलोच. इतक्यात गावातून कचेरीच्या तासाचे टोल ऐकू आले. मोजले. नऊ.

पाठोपाठ दारात माणसे. पुढे विठोबा मास्तर, पायांना धूळ, मागे कोपरचे मास्तर, आणखी चारपाच.

"या," विठोबा मास्तर मला म्हणाले, जणू वेटिंग रूम त्यांची. "आज सापडलात."

"साडेनऊ वाजून गेले, मास्तर."

"कानांनी टोल ऐकलात की नाही?"

मी स्टेशनच्या घड्याळाकडे बोट केले. स्टेशनमास्तर सगळ्यांच्या मागे उभे राहून मिशीत हसत होते. "पंत, ते घड्याळ मद्रासचे."

वाचकहो, हे ध्यानात घ्या. मद्रासेला सूर्य आपल्या आधी उगवतो, सुमारे अर्धा तास. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालते, म्हणून स्टेशनात मद्रासचे नऊ वाजतात. कचेरी इथल्या सूर्याने चालते. स्टेशनात साडेनऊ झाले की कचेरीत नऊचे टोल. गाडी धरणाऱ्या पोराटोरालाही हे ठाऊक असते. साहेबांनी जागा स्टेशनची दिली म्हणून मी स्टेशनचे नऊ धरले. क्लास सरकारी म्हणून मास्तरांनी कचेरीचे नऊ धरले. मी उठायचो, ते यायचे.

"हे तुम्हाला आधी सांगता आले नाही?" मी स्टेशनमास्तरांना विचारले.

"तुम्ही शंका विचारायला बसला नव्हता, पंत. फेडायला बसला होता."

विठोबा मास्तर बाकावर बसले. "आता माझी शंका. एका घरात बारा माणसे, दुसऱ्यात दोन. सरासरी सात. पण सात माणसांचे घर माझ्या गावात एकही नाही. मग मी सरकारला कोणते घर दाखवू?"

मी म्हटले, "कोणतेच नाही. सरासरी राहायला नसते, मोजायला असते."

"मग साहेबांना सांगा," ते म्हणाले. "ते त्यांच्या सरासरीत आम्हाला राहायला लावतात."

पुढच्या गाडीने आम्ही दोघे ठाण्याला गेलो. शाळेच्या ओट्यावर पास्कू एकटाच, हातात घड्याळ. त्याचा चेहरा पडलेला. "आज एक माणूस आला नाय, सदा. मी घड्यालात बघून अगदी नऊला बसलो, साडेनऊला उठून गेलो, आता परत आलो. साहेब आत टेबलासमोर बसलेत."

आत साहेब वाऱ्याचा विचार करत होते. "वारा पडला असावा," ते म्हणाले. "ठाणेकर एका दिवसात सुस्त झाले."

"साहेब, तुमचे घड्याळ कोणत्या वेळेला लावलेले आहे?"

"रेल्वेच्या. सुशिक्षित माणूस आणखी कोणत्या वेळेला लावील?"

मी सांगितले. घड्याळ नव्हते तोवर पास्कू चर्चच्या घंटेने निघे. ती घंटा इथल्या सूर्याची, म्हणून त्याला ठाणेकर भेटत. घड्याळ मिळाले आणि माणसे गेली. साहेब भिंतीवरच्या टेबलाकडे वळले. मग म्हणाले, "आकडे बरोबरच आहेत. फक्त मथळा बदलावा लागेल."

"मथळा नको. नाव परत लिहा," मी म्हणालो. "नाहीतर मद्रासच्या सूर्यावर मी पत्रक छापतो, आणि ते ठाण्यापासून कल्याणापर्यंत प्रत्येक स्टेशनावर चिकटवतो."

साहेबांनी नाव पुन्हा लिहिले. काळ्या शाईने, शेवटी, बारीक अक्षरात. माफी मागितली नाही. विठोबा मास्तरांना ती नकोही होती. त्यांना परीक्षा हवी होती. ती ते पास झाले. मानपाड्याची पडवी आजही भरते.

आता तुमच्याकडे मागणे. अमक्या गावचे लोक आळशी, तमक्या जातीला शिक्षण नको, असा तक्ता तुमच्यापुढे येईल. येतोच. मान डोलावू नका. तो करणाऱ्याला उभा करा आणि विचारा, तू त्यांची वाट पाहत होतास तेव्हा कोणाच्या घड्याळाने बसला होतास? उत्तर मिळेपर्यंत त्याला बसू देऊ नका.