चिमीला आलेली नोटीस

“नोटीसशिवाय कोनाले हलवाचं नाई.” दिवसातून एकदा तरी बेलीफकाका हे वाक्य म्हणत, आणि म्हणताना चष्मा कपाळावर चढवत. कोणाला हलवायचं आहे याला महत्त्व नसे. ओट्यावर झोपलेल्या कुत्र्यालाही ते आधी दोनदा बजावत, मगच हुसकावत.

अमरावतीत ते आमच्या समोर राहत. बत्तीस वर्षं कोर्टात बेलीफ होते. लोकांना समन्स पोचवायचे, जप्ती करायची, घराचा ताबा घ्यायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण सवय काही संपली नाही. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. फक्त त्यांनी तुमच्या अडीच वर्षांच्या मुलीवर खटला चालवला नसेल.

झालं असं की मला अकोल्याला सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली. घराण्यातली पहिली पदवी माझी आणि पहिली नोकरीही माझीच. सुरुवातीचा महिनाभर तिथेच राहून प्रशिक्षण घ्यायचं होतं. हातात पाच आठवडे होते आणि चिमी अजून अंगावर पीत होती. सकाळी, दुपारी, झोपताना, पडली की, रागावली की, आणि काही काम नसलं की.

सासूबाई म्हणाल्या, “कडुलिंबाचा पाला वाटून लाव. दोन दिवसांत गोष्ट खलास.”

बेलीफकाका तेव्हा पेपर परत करायला आले होते. ते दारातच थांबले. “वयनी, हे जमत नाई. मायचं दूध चांगलं असून कडू झालं म्हनाचं? हा खोटा पुरावा झाला.”

“मंग तुमीच सांगा भाऊजी, पोट्टीले कोन समजावते?”

“कायदा हाय ना.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते इस्त्रीचा सदरा घालून, फाइल घेऊन हजर. उभं राहून मोठ्यानं वाचू लागले, “कुमारी चिमी, वय अडीच वर्षे, राहणार आईची मांडी, हिला कळविण्यात येते की, आठ दिवसांनी दुपारचे दुदू बंद होईल. सकाळचे व झोपतानाचे चालू राहील. हरकत असल्यास समक्ष सांगावी.”

“मले पायजे,” चिमी म्हणाली.

“हरकत नोंदवली.” आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं. तिचा अंगठा कुंकवात बुडवून कागदावर उमटवला. नोटीस मालमत्तेवर चिकटवायची असते, असं सांगत त्यांनी भाताची शितं हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, एकदम लाजले आणि कागद फ्रिजवर चिकटवून मोकळे झाले.

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले. चिमी मात्र हसली नाही. रोज सकाळी ती फ्रिजपाशी जाऊन त्या कागदावर हात ठेवी आणि विचारी, “किती दिवस?” सासूबाई या खटल्यात पंच होत्या. त्या बोटं मोजून दाखवत. आठव्या दिवशी दुपारी चिमी मांडीवर चढली, फ्रिजकडे पाहिलं, आणि उतरून शेंगदाण्याचा लाडू मागितला. काकांनी फाइलीत लिहिलं, ‘नुकसानभरपाई : लाडू एक.’

मग झोपतानाच्या दुधाची नोटीस निघाली. तेवढ्यात तिला ताप आला, तर काकांनी “पक्षकार आजारी” म्हणून पुढची तारीख दिली. मी चिडले. “काका, माझी नोकरी जाईल हो अशानं.”

“बत्तीस वर्षं लोकांले घराबाहेर काढलं, बाई. धावतपळत एकाले बी नाई काढलं. होते सारं.”

माझ्या माहेरी शिक्क्याचा कागद आला की घर गप्प होई. वाचता येणारी मी एकटी, आणि वाचताना माझाही आवाज कापे. कागदाला माणसाचं म्हणणं विचारताही येतं, हे मी आमच्या फ्रिजवर पाहिलं. त्याबद्दल काकांचे आभार मानायचे राहूनच गेले.

झोपतानाच्या नोटिशीचा भंग झाला, पण तो चिमीकडून नव्हे. सासूबाईंनी भर सुनावणीत सांगून टाकलं, “पोट्टी चांगली झोपली होती. हिनंच उठवून पाजलं.”

काकांचं पेन थांबलं. मी मान खाली घातली. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

शेवटी फक्त सकाळचं दूध उरलं. त्याची मुदत रविवारी संपत होती, आणि त्याच दिवशी माझी अकोल्याची बस होती. काका ताबा घ्यायला आले, तेव्हा चिमी आंघोळ करून, स्टीलचा पेला धरून बसली होती. सकाळपासून तिनं एकदाही मागितलं नव्हतं. “आबा, झालं माहं,” तिनं त्यांना सांगितलं.

काकांनी फाइल माझ्यापुढे केली. “करा सही.”

पेन माझ्या हातात होतं. कॉलेजात गेल्यापासून मी मोठ्यांशी जपून, पुस्तकातलं बोलत असे. तेव्हा मात्र तोंडातून निघालं, “काका, मले अजून एक तारीख पायजे.”

कोणी हसलं नाही. काकांनी फाइल पहिल्या पानापासून चाळली. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

“चूक झाली, बाई. साऱ्या नोटिसा पोट्टीच्या नावानं काढल्या. तुमाले एक बी नाई देली.”

तारीख देणं त्यांच्या हातात नव्हतं. ते उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि दाराकडे पाठ करून बसले. “घ्या येळ. मी आहो इथं.”

मी चिमीला जवळ घेतलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्याच्या घरी आग्रह मोडवत नाही तशी चार घोट प्यायली. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला.

“काकाजी, बस निंगून जाईन ना.”

“जाऊ दे. दुसरी येते.”

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी अकोल्याहून पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. त्यांचा चेहरा आठवायला गेले की आधी मला ती पाठच दिसते. सदऱ्यावर मधोमध घामाचा डाग, आणि ऑटोवाल्याला थांबवण्यासाठी वर केलेला हात. तो हात त्यांनी किती वेळ तसाच धरला होता.