पाण्यावरचे व्याही

आमच्या व्याह्यांना ‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस बीड जिल्ह्यात तरी जन्माला आलेला नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो. माझी मुलगी मनीषा त्यांच्या धाकट्या मुलाला दिलेली. लग्न ठरलं तेव्हा सुपारी फोडून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर भलामोठा हात ठेवला आणि म्हणाले, “इवाई, आता तुमी फकस्त हो म्हणायचं.” इवाई म्हणजे व्याही, आमच्या भागात असंच म्हणतात. ते गमतीनं बोलले होते, पण मी मुलीचा बाप, मी ते मनावर घेतलं. शिवाय चौसाळ्याला माझं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला हो म्हणण्यात माझा जन्म गेलेला. त्यामुळे आमची जोडी अशी काही जमली की त्यांनी सांगावं आणि मी मान हलवावी.

व्याही आष्टीजवळच्या एका गावात राहतात आणि त्या गावचे ते इतकी वर्षं सरपंच होते, की काही म्हाताऱ्यांना सरपंच हे त्यांचं आडनावच वाटायचं. ते कधी काही विचारत नसत, कळवत असत. फोन आला की पहिलं वाक्य, “बसलाय का?” मी हो म्हटलं की दुसरं, “मग उठा.” त्यानंतर कुठे, कशाला आणि काय घालून यायचं ते सांगायचं आणि फोन ठेवून द्यायचा. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर खुर्च्या कमी पडत. कुणाचा बांध, कुणाची सोयरीक, कुणाची भावाशी मारामारी, सगळ्याचा निकाल तिथे चहाबरोबर लागायचा. मी गेलो की मला त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची मिळायची आणि निकाल लागला की ते माझ्याकडे वळून म्हणायचे, “बरोबर हाय का न्हाई, इवाई?” भांडण काय आहे हे मला ठाऊक नसे. मी हो म्हणायचो.

मग एका निवडणुकीत ते पडले. पाडलं ते शेजारच्याच शेताच्या मालकानं. व्याह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. अंगभर पांढरा झगा आणि डोक्यावर जाळी घालून ते पेट्यांशी बोलत उभे राहायचे, आणि शेजारी मलाही तसाच झगा घालून उभं करायचे. माश्यांना मात्र आमच्याकडचं डाळिंब पसंत पडेना. त्या बांध ओलांडून नव्या सरपंचाच्या सूर्यफुलावर जायला लागल्या. व्याही बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “माशाबी तिकडं गेल्या.” दुसऱ्या दिवशी पेट्या विकल्या.

त्यानंतर कच्चं खाण्याचं खूळ आलं. ऐन दिवाळीत मी लेकीला आणायला गेलो, तर ताटात मोड आलेली मटकी, काकडी आणि कच्चा भोपळा. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी मागच्या बाजूला अनारसे झाकून ठेवले होते, हे मला मागाहून कळलं. मी भोपळा खाल्ला. मग कुठूनसं ऐकून त्यांनी गुडघ्यांसाठी उलटं चालायला सुरुवात केली. मला एसटीवर सोडायला आले ते उलटे चालत, आणि एकटं उलटं चालणं बरं दिसत नाही म्हणून मीही उलटा चालत आलो. स्टँडवरच्या कंडक्टरनं आम्हा दोघांना पाहिलं आणि विचारलं, “पावणं, येताव का जाताव?”

हे सगळं मी निभावलं. पण मागच्या वर्षी पावसाळा चांगला झाला, व्याह्यांचं शेततळं काठोकाठ भरलं, आणि त्याच सुमारास मनीषानं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्रात रुंद फळ्या तरंगतायत, फळ्यांखाली दिवे लावलेत, आणि रात्रीच्या अंधारात माणसं त्या फळ्यांवर योगासनं करतायत. सासऱ्यांना ती मामा म्हणते. “मामा, कसलं भारी आहे ना?” एवढंच ती म्हणाली. व्याह्यांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला, मग पुन्हा एकदा, आणि मग आष्टीला पंक्चरवाल्या चाचांकडे गेले.

चाचा त्यांचे जुने दोस्त. दुकानात आजवर ट्रॅक्टरपासून सायकलीपर्यंत सगळं आलेलं, पण एक दार आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा घेऊन कुणी आलं नव्हतं. ट्यूबांवर दार बांधलं, दारावर थर्माकोल, थर्माकोलवर शेततळ्यातलाच उरलेला काळा प्लास्टिकचा कागद, आणि सगळ्यावर दोर आवळला. काम झाल्यावर चाचांनी त्या वस्तूभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “मालक, बनाया तो मैंनेच, पर नाव नको सांगू माझं कुणाला.”

मला फोन आला. “बसलाय का?”

“हो.”

“मग उठा. चड्डी घेऊन या.”

शाळा सुटल्यापासून मी अर्धी चड्डी घातली नव्हती. दुकानात सगळ्या मापाच्या होत्या, त्यातली एक बायकोनं काढून दिली आणि घडी घालताना एवढंच म्हणाली, “व्याह्यांसमोर हे घालणार?” मी म्हटलं, तेही हेच घालणार आहेत. त्यानं तिचं समाधान झालं नाही.

रात्रीच का, हे मी गेल्या गेल्या विचारलं. त्यांनी शेजारच्या शेताकडे मान वळवली. “दिवसा केलं तर ते बघंल. माजी सरपंच चड्डीवर पाण्यात उलटा झालेला उद्या सगळ्या तालुक्याला दिसंल.” शिवाय दिवसभर वारं असतं, जेवणं होईपर्यंत ते पडतं, हेही खरं होतं.

मनीषा मात्र आता घाबरली होती. शेततळं बाहेरून साधं दिसतं, पण त्याला आतून चारी बाजूंनी प्लास्टिक असतं, त्यावर शेवाळ धरतं, आणि आत पडलेल्या माणसाला, चांगला पोहणारा असला तरी, वर चढता येत नाही. पाय ठेवला की घसरतो, हाताला धरायला काही नसतं. आमच्या भागात अशा बातम्या दर वर्षी ऐकू येतात. ती सासऱ्यांपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “मामा, कमरेला ट्यूब बांधल्याशिवाय मी उतरू देणार नाही. आणि काठावरच्या लिंबाला दोर बांधून तो पाण्यात सोडायचा.” व्याही तिला हो म्हणाले. त्यांना कुणाला हो म्हणताना मी प्रथमच ऐकलं.

तर असे आम्ही दोघं, पोटावर स्कूटरच्या ट्यूबा अडकवून, त्या दारावर बसलो. फळीखाली दिवा म्हणून त्यांनी पाण्यात चालणारी एक बॅटरी बांधली होती, ती थोडा वेळ हिरवी दिसली आणि विझली. लाइट गेलेली होती. काठावर मनीषा टॉर्च घेऊन आणि विहीणबाई नुसत्याच बसल्या होत्या. व्याह्यांनी बांबूनं काठ ढकलला आणि आम्ही तळ्याच्या मध्ये गेलो.

पहिलं आसन ताडासन. ते उभे राहिले आणि मी बसल्या जागी आडवा झालो. मग माझी पाळी आली आणि ते आडवे झाले. एकानं काही केलं की दुसऱ्याला आपोआप दुसरंच आसन घडायचं. वृक्षासनात त्यांनी एक पाय उचलला आणि तोल सांभाळायला माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते झाड आणि मी त्याचा पार, असा आमचा योग बराच वेळ चालला. काठावरून विहीणबाईंचा आवाज आला, “झालं का? दूध तापवायचं राहिलंय.”

शेवटी व्याह्यांनी शवासन जाहीर केलं. आम्ही डोक्याला डोकं लावून, पाय दोन टोकांना पाण्यात सोडून आडवे झालो. आणि खरं सांगतो, मग मला बरं वाटलं. फळी अगदी हळू हलत होती. वर चांदण्या होत्या, कानाशी पाणी वाजत होतं. दुकानाच्या गादीवर बसून आकडलेली माझी पाठ सुटायला लागली.

“इवाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “फळी एवढी रुंद कावून केली, इचारलं न्हाई तुमी.”

“का केली?”

“एकट्याला करायचं असतं तर घरी सतरंजी हाय की.” त्यांनी एक हात पाण्यात सोडला. “ओसरीवर आता कुणी येत न्हाई. लोकं वाईट न्हाईत, रामराम करतेत. पर बसत न्हाईत. कामं हायेत म्हणतेत. पहिल्यांदा म्हटलं, बरं झालं, निवांत झालो. मग दिवस बुडाला की लई जड जायला लागलं. ह्याला बोलवा, त्याला बोलवा, तर समदेच न्हाई म्हणतेत. मला न्हाई म्हणू शकत न्हाई असा एकच माणूस उरलाय. म्हणून तुमालाच बोलावतो सारखं. तुमाला तरास होतो, ठाव हाय मला.”

मधमाश्या, भोपळा, उलटं चालणं, सगळं मला एकदम वेगळं दिसायला लागलं. मी नाही, त्रास कसला, असं काहीतरी म्हणणार होतो.

तेवढ्यात लाइट आली.

शेतीची लाइट आमच्याकडे रात्री येते, आणि व्याह्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला आपोआप चालू व्हायचं बटण आहे, हे त्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आम्ही दोघं विसरलो होतो. आमची फळी वाहत वाहत नेमकी विहिरीचं पाणी तळ्यात सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाखाली गेली होती. पाइपानं आधी खाकरल्यासारखा आवाज केला आणि मग मांडीएवढी जाड धार आमच्या अंगावर आली. फळी उलटली. मी पाण्याखाली गेलो, ट्यूब कमरेतून सटकून कुठेतरी गेली, आणि वर आलो तो उलट्या फळीला मिठी मारून. धार फळीला फिरवत होती, फळी मला फिरवत होती. एकदा पाय प्लास्टिकला लागला आणि साबणावरून सरकावा तसा सरकला. तेव्हा मात्र मला भीती वाटली. नाकातोंडात पाणी जात होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे दुकानाचं अर्धं उघडं शटर येत होतं.

व्याह्यांना दोर सापडला होता. ते तसेच वर चढून गेले असते. पण दोर मनगटाला गुंडाळून ते उलटे फिरले आणि अंग लांब करून त्यांनी माझ्याकडे पाय केला.

“पाय धर बे!” ते ओरडले. “सोड ती फळी! पाय धर माझा!”

“न्हाई!” मी फळी आणखी घट्ट धरून ओरडलो. “तूच इकडं ये बे!”

हे सगळं टॉर्चच्या उजेडात, लेकीसमोर आणि विहीणबाईंसमोर झालं. मग मी फळी सोडली आणि त्यांचा पाय धरला. लग्नात मी जावयाचे पाय धुतले होते, व्याह्यांचा पाय धरायचं तेवढं राहिलं होतं. मनीषानं वरून दोर ओढला, विहीणबाईंनी पळत जाऊन मोटार बंद केली, आणि आम्ही एकामागोमाग एक काठावर येऊन पडलो.

मुलीच्या बापानं वरबापाला अरे-तुरे केलं होतं, वर बे म्हटलं होतं. मनीषा माझ्याकडे बघत होती, मग सासऱ्यांकडे. ती रडायच्या बेतात होती, जिवाच्या भीतीनं की या प्रकारानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी धापा टाकत म्हटलं, “चुकलं माझं. तोंडातून गेलं.”

व्याह्यांनी नाकातलं पाणी शिंकरलं. “लई दिवसांनी,” ते म्हणाले, “मला कुणी तोंडावर न्हाई म्हटलं. बाकीचे काम हाय म्हणून सांगतेत.” आणि ते हसायला लागले. ते हसता हसता खोकले, मग मी हसायला लागलो, आणि विहीणबाई आम्हा दोघांवर टॉवेल फेकून दूध तापवायला निघून गेल्या.

पुढच्या वेळी फोन आला, “बसलाय का?” मी म्हटलं, हो, आणि आज उठणार नाही, सर्दी झालीय. मग त्यांनी काढा सांगितला आणि दुकानात काय चाललंय ते विचारलं. तसं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर मी बऱ्याचदा नाही म्हटलं आणि त्याहून जास्त वेळा न बोलावता गेलो. त्या पावसाळ्यानंतर आम्ही कितीदा तरी पाण्यावर आडवे झालो; मोटारीचं बटण मनीषा स्वतः बंद करायची. आसनं सोडूनच दिली होती. नुसतं पडायचं आणि कुणाचं काय चाललंय ते बोलायचं.

यंदा पाऊस झाला नाही. तळ्यातलं पाणी डाळिंबाला लागलं, ते संपलं. परवा मी गेलो तर व्याही घरी नव्हते. विहीणबाईंनी तळ्याकडे हात केला. मी काठावर जाऊन पाहिलं तर ते खाली कोरड्या तळाशी बसलेले, दोर धरून उतरले होते. मीही दोर धरून उतरलो. तळाला वाळलेल्या गाळाच्या खपल्या झाल्या होत्या, त्यावर आम्ही टेकलो. भिंतींमुळे वारं लागत नव्हतं. दिवस मावळला होता आणि वर चौकोनी आभाळ दिसत होतं. गुडघे आता साथ देत नाहीत, पुढच्या पावसाळ्यात फळीवर चढता येईल का कुणास ठाऊक, असं ते बोलत होते.

“कुठंशी होतो रं आपण?” त्यांनी विचारलं.

पाणी कुठवर होतं याचा मी अंदाज घेतला, आणि आमच्या डोक्यावर, वर, मोकळ्या हवेत हात दाखवला. व्याही मान वर करून तिकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो.