नऊ टक

विलास गेल्याचं मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. वर पाण्याच्या टँकरचा मेसेज, खाली त्याचा फोटो. आता सहा आठवडे झाले. भांडुपला आमच्या चढावाच्या पायथ्याशी तीस वर्षं त्याचं गॅरेज होतं. मी आधी त्याचं गिऱ्हाईक, मग दोस्त. मी तिरसट, तो शांत. मी गाडीला, रस्त्याला, अख्ख्या म्युनिसिपालटीला शिव्या घालायचो आणि तो बोल्ट काढत राहायचा. "झालं तुझं बोलून? आता बाजूला हो," एवढंच म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. त्यांची तरी काय चूक... थरथरत्या हातात ब्रेकचं काम कोण देईल? त्याच सुमारास माझ्या गाडीचा हँडब्रेक ढिला पडला होता. चढावर लावली की गाडी हळूच मागे सरकायची. विलासने वाकून पाहिलं आणि म्हणाला, मागच्या दोन्ही डिस्क झिजून पातळ झाल्यात. "डिस्क बदलू, पॅड बदलू, केबल ताणू. मी एकटा करणार, कोणी हात लावायचा नाही." मग म्हणाला, "जमलं तर गॅरेज चालू ठेवीन. नाही जमलं तर तोंडावर सांग. तू फटकळ आहेस म्हणून तुझी गाडी घेतोय, कळलं ना?"

पूर्वी हे काम तो दोन तासांत उरकायचा. त्या दिवशी अख्खा रविवार लागला. मागच्या ब्रेकचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबता दाबता पिळावा लागतो. विलासच्या हातातलं हत्यार पुन्हा पुन्हा निसटत होतं. मी स्टुलावर बसून बघत होतो आणि माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. चारच्या सुमारास तो उठला, फडक्याला हात पुसले. "बस आत. ओढ." दांडी ओढताना टक टक आवाज होतो; चांगला हँडब्रेक चार, फार तर पाच टकांत धरतो, हे त्यानेच मला शिकवलेलं. मी एसी लावायचं नाटक करून काचा वर केल्या आणि दांडी हळूहळू ओढली. नऊ टक झाले तेव्हा कुठे जरासा ताण लागला. बाहेर विलास उभा होता, उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून. मी काच खाली केली. "चारात धरतोय," म्हटलं, "झकास झालंय रे." तो हसला. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. नंतरही कधी उघडलं नाही. फोन केला की हवापाण्याचं बोलायचा, गाडीचं नाव काढायचा नाही. मीही काढलं नाही. माझ्या मनाची मी समजूत घातली होती, की दमला असेल, कंटाळला असेल. मग न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या बायकोला, सुनंदा वहिनींना भेटायला गेलो. न राहवून विचारलं, "वहिनी, गॅरेज एकदम बंद का केलं त्याने?" त्या म्हणाल्या, "तुमची गाडी केली त्या संध्याकाळी घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, नऊ टक झाले गं, आणि तो चार म्हणाला." मी मान खाली घातली. "बाकी काही नाही म्हणाला?" वहिनींनी पदराने चष्मा पुसला. "म्हणाले, आता हा पण मला सांभाळून घ्यायला लागला."

हात गेल्याचं त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतंच. ते त्याने सोसलं असतं. माझ्याकडून त्याला फक्त एक खरा आकडा हवा होता, आणि मी दया दाखवली. याची लाज वाटते, आणि आता कोणाला सांगून उपयोग नाही.

हँडब्रेक मी अजून दुसऱ्या कोणाला दाखवलेला नाही. गेल्या रविवारी बायकोला गाडीत बसवलं, सगळ्या काचा वर करायला लावल्या आणि त्या बंद शटरसमोर मी बाहेर उभा राहिलो. तिला हाताने खूण केली... ओढ, हळू. नऊच्या नऊ टक स्वच्छ ऐकू आले.