बायांची दुपार, कोल्हारजवळची विहीर

कोल्हारच्या अलीकडे एसटीतून उतरलो तेव्हा रस्त्याकडेला पत्र्याची पाटी दिसली : 'थंडीत हुरडा, उन्हाळ्यात आंबे आणि पोहणे. सहकुटुंब या.' नव्वदच्या दशकात शेतावर पैसे देऊन पाहुणं जायचं, हे आमच्या पुण्यात कुणाच्या पचनी पडत नव्हतं. पण माझी मंजिरी तलावावर पोहायला शिकली होती आणि आता विहिरीत पोहण्यासाठी हटून बसली होती. शेवटी एसटीडी बूथवरून शेतावर फोन केला आणि मायलेकी निघालो.

शेत भाऊसाहेब आणि गयाबाई या नवराबायकोचं. भाऊसाहेब बैलगाडी घेऊन उभेच होते. "लई ऊन हाय, बसा पटकन," म्हणाले. उसातून जाताना गाडीचं चाक पाटाच्या चिखलात रुतलं. उतरून आम्हीही ढकलली. मंजिरीची एक चप्पल चिखलातच राहिली, आणि तिला त्याचाच जास्त आनंद झाला.

जेवायला ज्वारीची भाकरी, म्हाद्या (दाण्याच्या कुटाचं तिखट कालवण) आणि आढीतले आंबे. हात धुताच गयाबाईंनी फर्मान काढलं, "आता विहीर बायांची. गडीमानसांनी आंब्याखाली पडायचं." भाऊसाहेब मुकाट्याने आमच्याशिवाय आलेल्या दोघा पुरुष पाहुण्यांना घेऊन गेले.

विहीर दगडी बांधणीची, पायऱ्यांची. जवळच्या कालव्यामुळे भर मे महिन्यातही तुडुंब. मंजिरीनं धाडकन उडी मारली. मी वरच्या पायरीवर बसले.

"ताई, तुमी?"

"मला येत नाही. आणि आता या वयात कशाला?"

गयाबाई शेजारी टेकल्या. "माझी धाकली बहीन पानी शेंदताना गेली. काठावर आमी चौघी हुतो. नुसत्या वरडत राह्यलो. एकीलाबी पोहता येत न्हवतं." पदर खोचत म्हणाल्या, "लगीन होऊन हितं आले आन् पयल्याच उन्हाळ्यात ह्यांच्याकडून शिकले. सासूबाई म्हनल्या, लोक काय म्हनतील? म्हनलं, म्हनू द्या."

मी खाली पाहिलं. मंजिरी मधोमध तरंगत होती. तिला काही झालं असतं तर मीही नुसती ओरडतच राहिले असते. मी उठले आणि साडीचा काष्टा मारला.

गयाबाईंनी कमरेला सांगड (सुके भोपळे) बांधली आणि हनुवटीखाली हात धरून पाय मारायला शिकवलं. जमतंय असं वाटू लागलं आणि विहिरीच्या मध्यावर गाठ सुटली. भोपळे एकीकडे, मी एकीकडे. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे नुसतं हिरवं झालं. मग पोटाखालून कुणीतरी वर ढकललं. मी गयाबाईंच्या गळ्याला मिठी मारली.

"गळा सोडा! पाय मारा, पाय!"

मारले. पायरी हाताला लागली तेव्हा मंजिरी रडत होती आणि मी खोकत होते. आता पुरे, असं त्या म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"अशाच भ्यालेल्या वर गेलात, तर परत कदी उतरनार न्हाई तुमी," त्या म्हणाल्या. "दम खा. मग चला."

ऊन विहिरीतून वर सरकलं तेव्हा मी पुन्हा उतरले, या वेळी भोपळ्यांशिवाय. गयाबाई बाजूनं पोहत होत्या, पण हात लावत नव्हत्या. विहीर काही मोठी नव्हती, तरी समोरचा दगड जवळ येता येईना. शेवटी तो हाताला लागला. वरून मंजिरी किंचाळली, "आई, पोचलीस!" दगडाला धरून मी मोठमोठ्यानं हसत सुटले. इतकी मोकळी मी बऱ्याच दिवसांत हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत खांदे भरून आले होते. मंजिरी माझ्या मांडीवर झोपली होती. खिडकीबाहेर शेतांतल्या विहिरी मागे पडत होत्या. आजवर विहीर दिसली की माझा हात आधी पोरीचं मनगट शोधायचा. त्या सकाळी मात्र नगर येईपर्यंत मी प्रत्येक विहिरीकडे मान वळवून पाहत होते : हिला पाणी किती असेल, आणि उतरायला पायऱ्या कुठल्या बाजूनं असतील?