चांगुणाबाईंची सक्तीची सुट्टी

प्रेमानंदनं आईसाठी स्वतःहून, कुणी न सांगता केलेलं आयुष्यातलं पहिलं काम म्हणजे तिला न आलेला ताप आणणं.

संतपूरच्या शिवारात तेव्हा सोयाबीनची खुरपणी जोरात होती. पाऊस उघडला होता, पण पुन्हा कधी भरून येईल याचा नेम नव्हता. चांगुणाबाई, बसव्वा, चंद्रभागाबाई आणि आणखी दोघी अशा पाचजणींचा वारंगुळा होता. आज सगळ्यांनी हिच्या रानात खुरपायचं, उद्या तिच्या. पैशाचं नाव नाही, हाताला हात. चांगुणाबाई नऊ दिवस सलग खुरपत होत्या.

प्रेमानंद बी. ए. होऊन दोन वर्षं परीक्षेची तयारी करत होता. तयारी म्हणजे वेळापत्रक. ते भिंतीवर चार रंगांत होतं. विश्रांतीचा रंग हिरवा, आणि लांबून बघितलं तर अख्खी भिंत हिरवीगार दिसायची. नीट आराम केला तरच नीट काम होतं, हे त्यानं मोबाइलवर इतक्यांदा ऐकलं होतं की पहिला अर्धा भाग त्याच्या अंगवळणी पडला होता. दुसऱ्या भागाला अजून सवड मिळाली नव्हती.

"आई, जरा आराम करत जा की," तो म्हणाला. "सारखं राबायचं न्हाई, सारखं लोळायचं न्हाई. मध्यम मार्ग म्हनतेत तेला."

चांगुणाबाईंनी एकदा भिंतीवरल्या बुद्धांच्या तसबिरीकडं बघितलं, एकदा लेकाकडं. "त्या मार्गात खुरपं कोन धरायचं, ते बी सांगितलंय का?"

ही काही ऐकायची नाही, हे ओळखून प्रेमानंद संध्याकाळी, उद्याची पाळी जिच्या रानाची होती त्या बसव्वाच्या घरी गेला. "अक्का, आईला ताप हाय. उद्या यायची न्हाई." घरी येऊन आईला म्हणाला, "बसव्वाअक्काकडं पावनं यायलेत. उद्या खुरपन बंद." दोन्ही टोकं अशी बेमालूम जुळवली की आपण कारभारासाठीच जन्मलो, याबद्दल त्याची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी आराम केला. म्हणजे घरातल्या सातही गोधड्या काढून अंगणात धोपटायला घेतल्या. दुपारी तापावरच्या काढ्याचा तांब्या घेऊन, रान सोडून बसव्वा दारात आली.

"अय्यो चांगुणा! ताप कुठाय तुजा?"

"कसला ताप? आन तुजे पावनं कुठं हायत?"

दोघींनी सावकाश माना वळवल्या. बाजेवर प्रेमानंद हिरवा तास पाळत पडला होता.

बसव्वा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. "आमचा एक हात बुडला. रान आर्धं पडलंय. उद्या तुज्याकडं यायचं होतं चांगुणा, आता न्हाई येत."

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. वारंगुळ्यातून बाहेर पडलेल्या बाईला एकटीनं दोन एकर निघत नाही. चार दिवसांत पाऊस लागला की तण सोयाबीनच्या डोक्यावर जातं.

"मी येते उद्या. दोघींचं काम करते."

"तू न्हाई. तू घरी बस. जेनं ताप आनला तेला पाठव. तेनं दिवस भरला तर परवा समद्या तुज्या रानात. न्हाई तर तुमचं तुमी बघा."

म्हणून सकाळी सातला प्रेमानंद बसव्वाच्या रानात चार बायकांच्या रांगेत बसला. प्रत्येकीनं आपापली पात धरली, म्हणजे या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांध ते बांध, आपला पट्टा. प्रेमानंद ध्येयानं पेटून निघाला आणि ऊन चढायच्या आतच तणाबरोबर नऊ सोयाबीनही उपटून बसला.

"कामून पळायलास रे?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पात काय पळून जायलीय का?"

बायका पुढं गेल्या, धुऱ्यावर टेकल्या. पाणी प्यायल्या, पान खाल्लं, कुणाच्या तरी जावयावर पोट धरून हसल्या, आणि उठून नवी पात धरली. प्रेमानंद धुऱ्यावर पोचायचा तेव्हा बसायची वेळ संपलेली असायची. असं चारदा झालं. आई नऊ दिवस बसलीच नाही, हा त्याचा मोठा शोध होता, तो इथं फसला. ती रोज दहा वेळा बसत होती; फक्त त्याच्या देखत नव्हती, कारण तो त्या वेळी झोपलेला असायचा.

दुपारी चांगुणाबाई भाकरी घेऊन आल्या आणि येता येता धुऱ्याकडचं तण उपटू लागल्या.

"खाली ठेव ते!" बसव्वा ओरडली. "तुला ताप हाय."

जेवल्यावर प्रेमानंद लिंबाखाली पाच मिनिटं आडवा झाला. डोळे उघडले तेव्हा सावली भलतीकडंच गेली होती. तो धडपडत रानात आला. त्याची अर्धी राहिलेली पात स्वच्छ निघाली होती आणि चंद्रभागाबाई खुरप्याची माती झाडत होत्या. बसव्वा कमरेवर हात ठेवून उभी होती. चांगुणाबाई बसव्वाच्या तोंडाकडं बघत होत्या. दिवस भरला का नाही, ते आता तीच सांगणार होती.

"आर्धा भरला," बसव्वा म्हणाली.

"पुरा म्हन गं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "ऱ्हायलेलं मी केलंय. ते माजं आन तेचं, तो फेडंल मागून."

बसव्वानं निघालेल्या पातीवरून एकदा नजर फिरवली. "बरं. चांगुणा, उद्या सातला. आन ह्याला आनू नको, सोयाबीन ऱ्हायला पायजे."

दुसऱ्या दिवशी पाचहीजणी चांगुणाबाईंच्या रानात उतरल्या. दोन दिवसांत दोन एकर निघालं, तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

आता सोयाबीनला शेंगा धरल्यात. मध्यंतरी चंद्रभागाबाई प्रेमानंदला बसथांब्यावर भेटल्या.

"काय सायेब, माजी आर्धी पात? तुरीत लई गवत झालंय."

"येतो की मावशी, रविवारी."

या गोष्टीला तीन रविवार झाले.